चार सेन्सर, चार वेग: कोणाचं किती धरायचं?

साताऱ्यात पोवई नाका ते बॉम्बे रेस्टॉरंट चौक या पट्ट्यावर दर ५ मिनिटांनी वाहतुकीचा वेग सांगणारी व्यवस्था उभी करायची, असा तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. संध्याकाळच्या एकाच ५ मिनिटांत रस्त्याकडेचा कॅमेरा ताशी ३४ किलोमीटर म्हणाला, खांबावरचं रडार ४१, एसटीचं जीपीएस १९ आणि मोबाइलवरून गोळा होणारा नकाशावाल्यांचा आकडा २७. तुझा प्रश्न असा की चौघांची सरासरी ३०.२५ येते, तीच द्यायची की सरळ कालमन फिल्टर (जुना अंदाज आणि नवं मोजमाप वजनं देऊन मिसळणारी गणिती पद्धत) लावायचा.

सरासरी देऊ नकोस, आणि फिल्टरही आत्ता नको. हे चार आकडे एकाच गोष्टीची चार मोजमापं नाहीत. रडारनं एका बिंदूवरून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, कॅमेऱ्यानं रस्त्याचा छोटा तुकडा पाहिला, एसटीनं पूर्ण पट्टा पाहिला पण थांब्यांसकट, आणि मोबाइलच्या आकड्यात कोण होतं हे तुला माहीतच नाही. आधी चौघांना एका भाषेत बोलायला लावायचं, मग कोणाचं किती ऐकायचं ते ठरवायचं. या कामात निम्म्याहून जास्त कष्ट पहिल्या भागातच जातात. फिल्टरचं गणित पुस्तकात तयार असतं, सेन्सरच्या खोडी मात्र ज्याच्या त्यानं रस्त्यावर उभं राहूनच शोधायच्या असतात.

एका साध्या हिशोबापासून सुरुवात कर. १ किलोमीटरच्या तुकड्यावरून उसाचा ट्रॅक्टर ताशी २० नं गेला आणि मोटारसायकल ६० नं. बिंदूवर बसलेलं रडार सरासरी ४० सांगेल. पण ट्रॅक्टरला ३ मिनिटं लागली आणि मोटारसायकलला १. दोघांनी मिळून २ किलोमीटर ४ मिनिटांत कापले, म्हणजे वेग ३०. प्रवासाला वेळ किती लागेल हे सांगायचं असेल तर हा ३० खरा. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात. बिंदूवरची सरासरी आणि तुकड्यावरची सरासरी यांतला फरक जे. जी. वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच मांडला: तुकड्यावरच्या वेगाचा व्हेरिअन्स (वेग किती विखुरलेले आहेत याचं माप, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) भागिले तुकड्यावरचा सरासरी वेग, एवढा तो असतो. सगळी वाहनं सारख्याच वेगानं पळत असतील तर फरक नगण्य. आपल्याकडे एकाच रस्त्यावर दुचाकी, वडाप (प्रवासी भरून धावणारी खाजगी जीप), शिवशाही आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो. प्रमाण विचलन १० आणि वेग ३० धरला तरी रडार ताशी ३ किलोमीटरहून जास्त फुगवून सांगणार, तेही पूर्णपणे नीट चालत असताना.

म्हणून पहिला बदल असा कर, की वेग मिसळायचेच नाहीत, दर किलोमीटरला लागणारी मिनिटं मिसळायची. मिनिटांची बेरीज रस्त्याच्या लांबीवर सरळ करता येते, वेगांची करता येत नाही. शेवटी लोकांना दाखवताना पुन्हा वेगात बदल.

आता एकेका साधनाकडे.

डॉप्लर रडार वाहनाच्या वेगाचा आपल्या रोखानं येणारा भाग मोजतं. खांब रस्त्याच्या कडेला आणि तोंड तिरपं असेल तर कोनाच्या कोसाइनइतका वेग कमी दिसतो. २० अंशांना कोसाइन ०.९४, म्हणजे ४१ वाचलं तर खरा ४३ ते ४४. ही दुरुस्ती सोपी, कारण कोन बदलत नाही, एकदा मोजून लिहून ठेवायचा. अवघड गोष्ट पुढे आहे. साधं डॉप्लर रडार उभं वाहन पाहतच नाही, कारण उभ्या वस्तूकडून फिरून येणाऱ्या लहरीत बदल नसतो. पूर्ण कोंडी झाली की ते गप्प बसतं किंवा कडेच्या फटीतून निघालेल्या एखाद्या दुचाकीचा वेग सांगतं. तुझ्या प्रोग्रामला ‘नोंद नाही’ म्हणजे ‘रस्ता मोकळा’ असं वाटलं, तर सगळ्यात वाईट कोंडीत तू सगळ्यात चांगला वेग दाखवशील. रडारची शांतता ही वेगळी स्थिती धर आणि ती वाचण्यासाठी शेजारच्या कॅमेऱ्याची मदत घे. शिवाय मोठी बस जोरात परावर्तन देते आणि तिच्या आडची दुचाकी झाकली जाते, त्यामुळे रडारचा नमुना मोठ्या वाहनांकडे झुकलेला असतो.

कॅमेऱ्याची चूक त्याहून लपलेली आहे. चित्रातला बिंदू रस्त्याच्या सपाटीवर आणण्यासाठी आपण चार खुणा घेऊन रूपांतर बसवतो. हे रूपांतर फक्त रस्त्याला टेकलेल्या बिंदूंसाठी खरं असतं. कॅमेरा H उंचीवर आणि तू मागोवा घेतलेला बिंदू h उंचीवर असेल तर वेग H भागिले (H वजा h) इतक्या पटीनं वाढून दिसतो. कॅमेरा ८ मीटरवर आणि दुचाकीस्वाराचं हेल्मेट दीड मीटरवर धर: ८ भागिले ६.५, म्हणजे सुमारे २३ टक्के जास्त. ट्रकच्या २ मीटरवरच्या बिंदूसाठी तब्बल ३३ टक्के. वस्तू ओळखणारं मॉडेल गाडीभोवती चौकट काढतं आणि बहुतेक जण त्या चौकटीचा मध्य धरून वेग काढतात. मध्य सोड, टायर जिथं रस्त्याला टेकतात ती खालची कड धर. कोंडीत मागच्या गाडीची खालची कड पुढच्या गाडीआड झाकली जाते, तेव्हा ती नोंद सोडून दिलेली बरी. रात्री हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पुढे सांडतो आणि चौकट त्यालाच गाडी समजते. जुलैच्या पावसात काचेवरचे थेंब आणखी घोटाळा करतात. म्हणजे कॅमेऱ्याची अनिश्चितता दिवसा एक, रात्री दुसरी, पावसात तिसरी. एकच ठोक आकडा ठेवू नकोस.

एसटीचा १९ ऐकून बस बिचारी रखडली असं वाटतं, पण त्यात थांब्यावर प्रवासी चढण्या-उतरण्याचा वेळ आहे. थांब्याभोवती एक हद्द आखून त्या आतला उभा वेळ वजा करता येतो. फक्त एक सावधगिरी घे: चौकातली रांग थांब्यापर्यंत मागे आली असेल तर तू प्रवाशांचा वेळ समजून कोंडीचाच वेळ वजा करशील. मागच्या-पुढच्या थांब्यांमधला वेगही पडलेला असेल, तर वजाबाकी अर्धवट किंवा शून्य कर. नोंदी किती वेळानं येतात तेही बघ. ३० सेकंदांनी एक नोंद येत असेल तर ताशी ३० नं बस तेवढ्यात २५० मीटर जाते. मधला सिग्नल त्यात दिसणारच नाही. जीपीएस यंत्र स्वतः जो वेग देतं तो उपग्रहाच्या लहरींच्या डॉप्लर बदलातून काढलेला असतो. जवळजवळच्या दोन जागांच्या अंतराला वेळेनं भागून येणाऱ्या वेगापेक्षा तो सहसा चांगला, पण तो त्या क्षणाचा. तुकड्याला लागलेला वेळ हवा असेल तर दोन टोकांच्या वेळाच वापर.

पोवई नाक्यावर आणखी एक पेच आहे. ग्रेड सेपरेटरमध्ये रस्ते एकमेकांच्या खाली-वर आहेत. वरून बघितलं तर खालची आणि वरची गाडी एकाच अक्षांश-रेखांशावर, आणि खाली उतरलेल्या गाडीला आकाश दिसत नाही म्हणून जागा आणखी भरकटते. बॉम्बे रेस्टॉरंट चौकाकडे तीच गत महामार्ग आणि सेवा रस्त्याची: मधलं अंतर थोडं, जीपीएसची चूक तेवढीच, पण एकीकडे गाड्या ८० नं आणि दुसरीकडे २० नं. प्रत्येक नोंद जवळच्या रेषेला चिकटवलीस तर दोन्ही रस्त्यांचे वेग एकमेकांत मिसळतील. पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी २००९ मध्ये दाखवलेली हिडन मार्कोव्ह मॉडेलची पद्धत इथं वापर. ती एकेका नोंदीपेक्षा पूर्ण वाट बघते: आधी गाडी कुठं होती, नंतर कुठं निघाली आणि मधली वाट रस्त्यांच्या जाळ्यात शक्य होती का. ग्रेड सेपरेटरसाठी तर आत शिरण्याचं आणि बाहेर पडण्याचं तोंड एवढंच विश्वासानं धर, मधल्या नोंदी सोड. पुढे प्रकल्प खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत नेलास तरी हाच नियम.

मोबाइलच्या आकड्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तो दिसायला सगळ्यात नीटनेटका असतो. तो कच्चा नसतो, आधीच गाळून, गुळगुळीत करून आलेला असतो. नमुना पुरेसा नसेल तेव्हा अशा सेवा त्या वाराच्या आणि त्या वेळेच्या नेहमीच्या सरासरीनं जागा भरतात. मग नाक्यावर झाड पडलं असलं तरी तुला दर मंगळवारी ६ वाजता असतो तोच वेग दिसेल. आकड्यासोबत ‘हा किती ताज्या नोंदींवर उभा आहे’ याची खूण मिळते का ते आधी विचार. मिळत नसेल तर त्याला मोजमाप न मानता पूर्वानुमान मान, म्हणजे दुसरं काहीच नसेल तेव्हाचा आधार. दुसरी गोष्ट दुचाकीची. कोंडीत दुचाकी फटीतून पुढे सरकते, त्यामुळे दुचाकीस्वारांचे फोन जास्त असतील तर कोंडी आहे त्याहून सौम्य दिसते. उलट टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्यांचे आणि फुटपाथवरून चालणाऱ्यांचे फोन वेग खाली ओढतात. बसमधल्या ४० प्रवाशांचे फोन म्हणजे ४० गाड्या नव्हेत, ती एकच गाडी.

आता मिसळण्याकडे येऊ. ज्याची अनिश्चितता कमी त्याला वजन जास्त, आणि वजन व्हेरिअन्सच्या उलट्या प्रमाणात. समजा दुरुस्त्या करून कॅमेरा म्हणतो किलोमीटरला २.० मिनिटं, अनिश्चितता ०.२. मोबाइल म्हणतो २.५, अनिश्चितता ०.४. वर्ग केले तर ०.०४ आणि ०.१६, वजनं ४ आणि १. उत्तर २.१ मिनिटं, म्हणजे ताशी साधारण २८.६, आणि नवी अनिश्चितता ०.१८. दोघांपैकी कोणाहीपेक्षा ती कमी. मिसळण्यातला फायदा तो एवढाच आहे, आणि तो दोन अटींवर मिळतो.

पहिली अट, प्रत्येकाचा कायमचा कल आधी काढून टाकलेला असावा. हेल्मेट धरून मोजणारा कॅमेरा हजार गाड्या मोजूनही २३ टक्के चुकीचाच राहतो. नमुना वाढला की विखुरलेली चूक कमी होते, एका दिशेची चूक जशीच्या तशी उरते. त्यामुळे ‘माझ्याकडे इतक्या नोंदी आहेत’ या जोरावर एखाद्या सेन्सरला वजन देत बसू नकोस. दुसरी अट, चुका एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे घेतलेस आणि दोन्हींच्या तळाशी तेच फोन असले, तर तुझ्याकडे साक्षीदार एकच आहे आणि तो दोनदा बोलतोय. वरचं सूत्र मात्र दोन मानून अनिश्चितता खोटी खोटी घटवेल. चुका किती जुळलेल्या आहेत हे कळण्याचा मार्ग नसेल तर सायमन ज्युलियर आणि जेफ्री उहलमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली कोव्हेरिअन्स इंटरसेक्शनची पद्धत वापर. ती मुद्दाम हात आखडून वजन देते, आणि अशा ठिकाणी तसंच हवं.

इथून पुढे कालमन फिल्टर. रुडॉल्फ कालमन यांचा मूळ लेख १९६० चा. कल्पना अशी की मागच्या ५ मिनिटांचा अंदाज पुढे न्यायचा, वेळ गेला म्हणून त्याची अनिश्चितता थोडी वाढवायची, नवं मोजमाप आलं की दोघांना वरच्याच वजनांनी मिसळायचं. अडचण येते ती विचित्र आकडे गाळताना. समजा तुझा पुढे नेलेला अंदाज २.१, अनिश्चितता ०.३. नवं मोजमाप ४.०, अनिश्चितता ०.४. फरक १.९. दोन अनिश्चितता मिळून ०.५ (दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ), म्हणजे फरक जवळजवळ चौपट. पुस्तकी नियम सांगतो, तिपटीच्या पलीकडे गेलं की टाकून द्या. पण कोंडी सुरू होते तेव्हा पहिला आकडा अगदी असाच येतो! गाळणी घट्ट ठेवलीस तर व्यवस्था वर्षभर छान चालेल आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी किंवा कास पठारावरच्या फुलांच्या हंगामातल्या रविवारी, जेव्हा लोक खरोखर विचारतील, तेव्हाच आंधळी होईल. म्हणून असा आकडा आला की तो टाकू नकोस, राखून ठेव. शेजारच्या सेन्सरनं दुजोरा दिला किंवा त्याच सेन्सरनं पुढच्या खेपेला तेच सांगितलं, तर जुन्या अंदाजाची अनिश्चितता एकदम वाढव आणि नव्याला आत घे. एकट्यानं एकदाच सांगितलं तर सोडून दे. फिल्टर कसाही लिही, ही जागा मात्र नीट बांध.

कोंडी मागे सरकते, हेही मॉडेलमध्ये घालता येतं. लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ मध्ये आणि रिचर्ड्स यांनी १९५६ मध्ये वाहतुकीच्या लाटांचा सिद्धांत मांडला. त्यानंतर मार्टिन ट्रायबर आणि डर्क हेल्बिंग यांनी २००२ मध्ये विखुरलेल्या सेन्सरमधलं अंतर भरण्याची पद्धत दिली. ती मोकळ्या वाहतुकीची माहिती पुढच्या दिशेनं आणि कोंडीची माहिती ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगानं मागच्या दिशेनं पसरवते. म्हणजे कोंडी १ किलोमीटर मागे यायला ४ मिनिटं. महामार्गावर हे सुंदर चालतं. तुझ्या पट्ट्यावर मात्र चौकातलं नियंत्रण, वळणाऱ्या गाड्या आणि कुठंही थांबणारी वडाप रांगेची लांबी ठरवतात. १५ चा आकडा उचलून लावू नकोस. दोन सेन्सरच्या नोंदींत वेग पडण्याच्या वेळा जुळवून इथला आकडा काढ. ८ फेब्रुवारी २००८ ला कॅलिफोर्नियात आय-८८० महामार्गावर जीपीएस फोन ठेवलेल्या १०० मोटारी दिवसभर फिरवून प्रयोग झाला. एकूण वाहनांच्या २ ते ५ टक्क्यांकडून माहिती आली तरी वेग चांगला कळतो, असं त्यातून दिसलं. हा निष्कर्ष तू वाचला असशीलच, पण तो एकजिनसी मोटारींच्या महामार्गाचा आहे. आपल्या मिश्र वाहतुकीत २ टक्के म्हणजे कोणते २ टक्के, हा प्रश्न आधी येतो.

महामार्गाचं काम हाती घेतलंस तर फास्टॅगच्या वेळांचा मोह होईल. फेब्रुवारी २०२१ पासून तो टोलनाक्यांवर सक्तीचा आहे, त्यामुळे आनेवाडी आणि तासवडे या दोन नाक्यांवरच्या नोंदी जुळवल्या तर प्रवासाची वेळ थेट मिळू शकते. त्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. ढाब्यावर जेवायला थांबलेला ट्रक सरासरी बिघडवतो, म्हणून मध्यक (चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घे. आणि पोचलेली गाडी जुनी बातमी आणते. ५० किलोमीटरला ५० मिनिटं लागली, तर १० मिनिटांपूर्वी मध्येच झालेल्या अपघाताचा त्या नोंदीत मागमूस नसेल. अशी नोंद आत्ताच्या वेगाला न जोडता गेल्या ५० मिनिटांच्या पूर्ण वाटेला जोड.

घड्याळांकडे दुर्लक्ष करू नकोस. जीपीएसच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेत येतात, कॅमेऱ्याच्या भारतीय वेळेत, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ कोणीतरी हातानं लावलेलं असतं. साडेपाच तासांचा घोळ लगेच दिसतो, ३ मिनिटांचा दिसत नाही, आणि ५ मिनिटांच्या हिशोबात ३ मिनिटं म्हणजे भलतीच कोंडी.

हे सगळं बरोबर आलं का ते रस्त्यावर जाऊन तपास. फोनमध्ये जीपीएस नोंदवणारं अ‍ॅप चालू ठेवून मोटारीनं आणि दुचाकीनं वेगवेगळ्या वेळी दोन्ही दिशांनी फेऱ्या मार. दोन टोकांना दोघांना बसवून गाड्यांच्या नंबरांवरून वेळ जुळव. एक सेन्सर मुद्दाम बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा आकडा ओळखता येतो का बघ. फक्त उन्हाळ्यात तपासून थांबू नकोस. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमुळे वाहनांचं मिश्रणच बदलतं आणि त्याबरोबर रडारचा कल, बसचं इतरांशी नातं, सगळंच बदलतं. डिसेंबर-जानेवारीचे गुणांक वेगळे काढावे लागतील. निकाल दाखवताना दुचाकी आणि इतर वाहनं वेगळी दाखव, एका आकड्याऐवजी ‘२५ ते ३०’ अशी पट्टी दे, आणि मोजलेला वेग कोणता, सवयीवरून धरलेला कोणता, हे वेगळ्या रंगात दिसू दे.

शेवटची गोष्ट नंबर प्लेटची, कारण कॅमेऱ्यातून त्या तुझ्याकडे येणारच. नंबर हॅश करून (ठरलेल्या सूत्रानं न ओळखता येणाऱ्या अक्षरांत बदलून) ठेवला की ओळख लपली असं समजू नकोस. एमएच ११ पुढे दोन अक्षरं आणि चार अंक धरले तर एकूण शक्यता ६७ लाख ६० हजार. साधा लॅपटॉप त्या सगळ्यांचे हॅश काही सेकंदांत काढून तुझ्या यादीशी जुळवू शकतो. हॅश करण्याआधी नंबराला रोज बदलणारा गुप्त शब्द जोड, त्या दिवसाची जुळणी संपली की तो शब्द आणि हॅश दोन्ही पुसून टाक, आणि साठवताना फक्त तुकडा, वाहनाचा प्रकार आणि लागलेली मिनिटं एवढंच ठेव. कोण कुठं गेलं हे वेग काढायला लागत नाही.